रोजच्या वाटा : तिरोडीच्या निमित्ताने एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

भूविज्ञानाच्या जगात तिरोडी हे नाव नवे नाही. लुईस ली फर्मर यांनी भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर १९०९ मध्ये जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मध्य प्रांतातील खाणींचा बारीकसारीक तपशील आहे. १९३८ मध्ये डन आणि रॉय या दोन अभ्यासकांनी इथे सापडलेल्या एका खनिजाला गावाच्याच नावावरून 'तिरोडाइट' म्हटले. या पट्ट्याच्या तळाशी असलेल्या अतिप्राचीन खडकालाही भूवैज्ञानिक 'तिरोडी बायोटाइट नाइस' या नावाने ओळखतात. बालाघाट जिल्ह्याच्या टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या या गावाचा दगड असा जगभरच्या ग्रंथालयांत पोचला. तो दगड फोडणारी, निवडणारी, वाघिणीत भरणारी माणसे सुटीच्या दिवशी कुठे जात, कुणाला भेटत आणि घरी परतल्यावर काय सांगत, याची नोंद मात्र तितक्या निगुतीने झाली नाही.

ही प्रस्तावना त्या राहिलेल्या नोंदीसाठी आहे. माणसांचे रोजचे बाहेर जाणे आणि त्या जाण्यावर त्यांनी स्वतः केलेला विचार, हा या अभ्यासाचा विषय. आठवडी बाजार, मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा), माहेर, दवाखाना, रोवणी (धानाची लावणी), दीक्षाभूमी, धरणावरची सहल या त्याच्या जागा. एखाद्या वस्तीने स्वतःला कसे घडवले हे समजून घ्यायचे असेल, तर तिच्या मोठ्या घटनांइतकेच तिच्या छोट्या फेऱ्यांकडे पाहावे लागते, असे माझे ठाम मत आहे. घरात माणूस नात्याने बांधलेला असतो आणि खाणीत पाळीने. आपण कोण, कुणाचे आणि कुणाबरोबर बसायचे, हे तो वाटेवर आणि बाजारात ठरवतो. म्हणून या वाटांचा अभ्यास हा समाजाचाच अभ्यास आहे.

या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाने आधी गावाचा नकाशा आणि काळ नीट लक्षात घ्यावा. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. म्हणजे त्याचा दक्षिणेकडचा भाग मुळात वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानाचा, तळ्याबोड्यांचा मुलूख. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी या पट्ट्यात उतरली आणि नागपूर, भंडारा, बालाघाट या तीन जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. पोलाद बनवायला मँगनीज लागते. त्यामुळे युरोपातल्या पोलादाच्या भट्ट्यांचा आणि इथल्या मजुरीचा थेट संबंध जडला. १९६२ मध्ये या खाणी चालवण्यासाठी मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड स्थापन झाली, १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली आणि आज ती मॉइल या नावाने ओळखली जाते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या तिच्या खाणी महाराष्ट्रात आणि तिरोडी मध्य प्रदेशात असली, तरी पट्टा एकच आहे.

आणखी एक तारीख लक्षात ठेवायची, १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवसापर्यंत नागपूर ही तिरोडीच्या राज्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तुमसर हे जवळचे मोठे बाजाराचे गाव एका दिवसात परराज्यात गेले. सोयरीक मात्र तिथेच राहिली, दुकानदारी तिथेच राहिली आणि रेल्वेही तिथेच जात राहिली. मुले शाळेत हिंदी शिकू लागली, तर घरात झाडीपट्टीची (पूर्व विदर्भाची) मराठी, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी चालूच होती. एकाच दिवसात चार भाषा वापरणारा माणूस इथे विद्वान समजला जात नाही, तो सर्वसाधारण शेजारी असतो. कोणती भाषा कोणत्या वाटेवर बोलली जाते, हा प्रश्न तिरोडीच्या अभ्यासकाला पहिल्या दिवसापासून सोबत ठेवावा लागतो.

आपल्या आधी या प्रदेशाकडे कोणी कसे पाहिले, याचीही जाण हवी. सी. ई. लो यांचे बालाघाट जिल्हा गॅझेटियर १९०७ चे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर लिहिलेले चार खंड १९१६ चे. व्हेरिअर एल्विन यांचा बैगा समाजावरचा ग्रंथ १९३९ चा. या ग्रंथांचे ऋण मोठे आहे आणि त्यांच्याशिवाय आज पाऊल टाकता येणार नाही. पण समाजांविषयीची त्यांची मांडणी जातवार किंवा जमातवार आहे. पोवार एका प्रकरणात, गोंड दुसऱ्यात, महार तिसऱ्यात, कलार चौथ्यात. बाजाराच्या ओट्यावर ही चारही प्रकरणे शेजारीशेजारी बसून मोलभाव करत होती. ते शेजारीपण त्या खंडांच्या रचनेत मावले नाही.

मराठीतही समृद्ध परंपरा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ मध्ये आला आणि त्याने खेड्याच्या अर्थव्यवहाराकडे पाहण्याची नजर दिली. ना. गो. चापेकर यांनी आपल्या बदलापूर गावाचा सांगोपांग अभ्यास करून दाखवला. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीत स्वतः चालून 'वाटचाल' लिहिली. एकाच दिंडीत भजनाला एकत्र असलेली माणसे जेवायला वेगळी बसतात, हे त्यांनी टिपले आणि त्याने झालेला स्वतःच्या मनाचा त्रासही लपवला नाही. आपल्या क्षेत्रासाठी हा लेख आदर्श आहे, कारण त्यात वाट, माणसे आणि पाहणारीचे मन ही तिन्ही एकत्र आहेत. झाडीपट्टीपुरते बोलायचे तर डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडारीसारख्या लोककलांवर केलेले काम पायाभूत आहे. तिरोडीचा अभ्यास या सगळ्यांच्या खांद्यावर उभा राहील. फरक इतकाच, की या परंपरेत देश, कोकण आणि पंढरीची वाट पुष्कळ आली. सीमेपलीकडे राहिलेल्या मराठी माणसाचा साधा मंगळवार किंवा शुक्रवार अजून यायचा आहे.

आता प्रत्यक्ष वाटांकडे वळू.

पहिली वाट आठवडी बाजाराची. बाजार म्हणजे खरेदी, एवढेच धरून चालले तर निम्मे सुटते. खाणीच्या गावात मजुरीचा दिवस आणि बाजाराचा दिवस यांचे नाते काय होते, हे जुन्या माणसांकडून समजून घ्यायला हवे. धान पिकवणारा शेतकरी वर्षातून एकदा पैसा पाहतो, खाणकामगाराच्या हाती तो ठरलेल्या मुदतीने येतो. या दोन प्रकारच्या खिशांमुळे एकाच बाजारात दोन प्रकारचे गिऱ्हाईक तयार होते. कुणाला उधारी मिळते आणि कुणाला नाही, मोहफुले, लाखोळीची डाळ, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या घेऊन कोण कुठून येते, दुकाने कोणत्या क्रमाने बसतात, बाया खरेदी आधी करतात की भेटीगाठी आधी, हे पाहावे. बाजारात मुलगी दाखवली जाते, भांडण मिटवले जाते, मृत्यूची खबर पोचते. परत येताना हातात पिशवी असते आणि पोटात आठवडाभराच्या बातम्या.

दुसरी वाट रेल्वेची. मुंबई-हावडा मार्गावरच्या तुमसर रोड स्थानकातून फुटणारा फाटा गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग, महकेपार करत तिरोडीला येतो. तो माणसांसाठी टाकलेला नव्हता, खनिजासाठी होता. पण माणसांनी तो आपलासा केला. अनेक दशके तिरोडी हे या फाट्याचे शेवटचे स्थानक होते, त्यामुळे गाडीचे येणे हा गावाचाच एक प्रहर झाला. अगदी अलीकडे तिरोडी ते कटंगी हा दुवा जोडला गेला आणि टोकाचे गाव वाटेवरचे गाव बनले. पूर्वी ज्यांना बालाघाटला जाणे लांब वाटे आणि तुमसर घरचे वाटे, त्यांचे मन आता कोणत्या दिशेला वळते आहे? दवाखाना, कॉलेज, सोयरीक यांपैकी कोणत्या कारणाने कोण कुठे जाते आहे? असा बदल अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर घडत असणे ही दुर्मीळ संधी आहे. ती दहा वर्षांनी राहणार नाही.

तिसरी वाट मंडईची. दिवाळी उलटली, भाऊबीज झाली की भंडारा, गोंदिया, बालाघाटच्या गावोगावी मंडया भरू लागतात. धान कापणीच्या तोंडावर आलेले असते किंवा कापले जात असते. लेकी माहेरी आलेल्या असतात. गोवारी समाजाची ढाल निघते, दिवसा दंडार रंगते, रात्री नाटक होते आणि प्रत्येक घरी परगावचे पाहुणे उतरतात. एका गावची मंडई संपली की दुसऱ्या गावची येते, म्हणून पाहुणचाराची परतफेड पंधरा दिवसांत होऊन जाते. इथे राज्याची सीमा कुणी विचारात घेत नाही. नाटक महाराष्ट्रातल्या वडशाहून येवो की गावातल्या पोरांनी बसवलेले असो, ते मराठीत असते आणि शाळेत हिंदी शिकलेली मुले ते तोंडपाठ करतात. भाषा टिकते कशी, या प्रश्नाचे एक उत्तर सरकारी धोरणापेक्षा मंडईच्या रात्रीत सापडण्याची शक्यता जास्त आहे.

चौथी वाट दीक्षाभूमीची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. हा प्रदेश त्यांना परका नव्हता, १९५४ ची भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी लढवली होती. धम्मदीक्षेच्या वेळी या भागातून जे नागपूरला गेले, ते आपल्याच राज्याच्या राजधानीत गेले. त्यानंतर अठरा दिवसांत राज्य बदलले. तेव्हापासून दरवर्षी विजयादशमीला निघणारा इथला माणूस राज्याची सीमा ओलांडून आपल्या मुक्तीच्या जागेवर जातो. शिदोरी कशी बांधली जाते, जागरण कुठे होते, कोणती पुस्तके विकत घेतली जातात, मूर्तीबरोबर कोणते कॅलेंडर घरी येते, मुलांना पहिल्यांदा कोणत्या वयात नेले जाते, हे सगळे लिहिले गेले पाहिजे. अनेक घरांतली पहिली पुस्तके या एका प्रवासातून आलेली आहेत. त्या पुस्तकांची यादी करणे हेच एक स्वतंत्र संशोधन ठरेल.

आणखी वाटा पुष्कळ आहेत. आषाढ-श्रावणात रोवणीसाठी बायांचे जथे परगावी जातात. चिखलात वाकून पऱ्हे लावताना म्हटलेली गाणी आणि परतीच्या गाडीतल्या गप्पा, या दोन्हींत त्यांचे स्वतःच्या आयुष्याविषयीचे मत असते. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोह वेचायला जाणे, वैशाखात तेंदूपानासाठी रान गाठणे, ही कष्टाची कामेही बाहेर पडण्याचीच रूपे आहेत. महाशिवरात्रीला तुमसर तालुक्यातले गायमुख आणि कार्तिकात वारासिवनीकडचे रामपायली ही जत्रेची ठिकाणे. बावनथडी नदीवर दोन राज्यांनी मिळून बांधलेले धरण शेतीसाठी आहे, पण सुटीच्या दिवशी डबा घेऊन पाणी पाहायला जाणाऱ्या कुटुंबांनी त्याला दुसरा अर्थ दिला. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, ते त्याच काठावर उभे राहून काय पाहतात, हाही याच अभ्यासाचा प्रश्न आहे.

बाहेर जाण्याचा अभ्यास करताना कोण बाहेर जाऊ शकत नाही, हे विचारणे तितकेच आवश्यक. कित्येक बायांना नुसते फिरायला जाण्याची मोकळीक नसते. देवदर्शन, माहेर, दवाखाना, भजन या नावांखाली त्यांची पावले उंबऱ्याबाहेर पडतात. एखादी बाई दवाखान्याच्या निमित्ताने बहिणीला भेटून आली, तर तिच्या दिवसाचा खरा हेतू कोणत्या रकान्यात लिहायचा? कामामुळे फुप्फुसे बिघडलेला म्हातारा कामगार ओट्यावरूनच सारा बाजार पाहतो. त्याचे पाहणे हीदेखील एक फेरी आहे. आणि एकेकाळी ज्यांना विहिरीपासून, ओट्यापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या आठवणीतला बाजार इतरांच्या आठवणीतल्या बाजारापेक्षा वेगळा असतो. दोन्ही आठवणी एकाच पानावर यायला हव्यात.

या क्षेत्राला जगात सोबती आहेत. ब्रिटनमध्ये १९३७ मध्ये मास ऑब्झर्वेशन नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात सामान्य माणसांनी आपल्या दिवसांच्या नोंदी ठेवल्या, आणि बोल्टनच्या गिरणी कामगारांची ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावरची सुटी हा गंभीर अभ्यासाचा विषय ठरला. त्याहून जवळचा धडा फिलिपिनो समाजाकडून मिळतो. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रिया आठवड्याचे सहा दिवस मालकाच्या घरात राहतात. रविवारी त्या सेंट्रल भागातल्या रस्त्यांवर, चौकांत, बँकेच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पुठ्ठे अंथरून बसतात, घरचे पदार्थ वाटून खातात, पत्ते खेळतात, केस विंचरतात, गावाकडे पाठवायच्या वस्तूंची खोकी भरतात. निकोल कॉन्स्टेबल यांच्या १९९७ च्या ग्रंथामुळे या स्त्रियांचे जीवन अभ्यासविश्वात ठळकपणे आले. शहराला जी नुसती गर्दी वाटत होती, ती प्रत्यक्षात आठवड्यातून एकदा भरणारी त्यांची गावे होती, हे अशा अभ्यासांनी दाखवले.

अभ्यासाची रीतही त्याच समाजाने दिली आहे. विर्जिलियो एन्रिकेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात फिलिपिनो मानसशास्त्राची चळवळ उभी केली. बाहेरून आणलेली छापील प्रश्नावली माणसासमोर ठेवण्यापेक्षा त्याच्यात जाऊन बसावे, सहज विचारपूस करावी, आपलीही गोष्ट सांगावी आणि विश्वास जुळेल तितकेच पुढे जावे, असा त्यांचा आग्रह होता. तिरोडीच्या ओट्यावर ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. इथे कोणत्याही बोलण्याची सुरुवात 'कोणत्या गावचे, कुणाच्या घरचे' या विचारपुशीनेच होते, आणि अभ्यासकाला आधी स्वतः त्याचे उत्तर द्यावे लागते.

या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. एक पूर्ण वर्ष धरा, कारण रोवणीतली तिरोडी आणि मंडईतली तिरोडी यांची चाल वेगळी आहे. एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांना त्यांच्या फेऱ्यांविषयी विचारा आणि त्या नकाशावर काढा. आजोबा किती लांब गेले, आई किती, नात किती, हे त्या रेषांमधून स्पष्ट दिसेल. बोलणे ज्या बोलीत झाले त्याच बोलीत लिहा, प्रमाण मराठीत किंवा हिंदीत सुधारून घेऊ नका. जुनी तिकिटे, पगाराच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, स्टुडिओत काढलेले जोडीचे फोटो ही या अभ्यासाची कागदपत्रे आहेत. परवानगीशिवाय कुणाचे नाव छापू नका. आणि जे लिहिले, ते छापण्याआधी सांगणाऱ्याला वाचून दाखवा. ऐकताना तो जी दुरुस्ती करतो, ती पुष्कळदा मूळ मुलाखतीपेक्षा मोलाची असते.

एक धोका सांगितला पाहिजे. लहान गावाविषयी लिहिताना लेखणी फार लवकर हळवी होते. जुने सारे गोड आणि नवे सारे उणे, असे चित्र तयार होते. तिरोडीच्या जुन्या दिवसांत उपास होते, शिवाशिव होती, खाणीतले अपघात होते. आजच्या दिवसांत मोबाइल आहे, मोटारसायकल आहे आणि कामासाठी नागपूर, पुणे, हैदराबाद गाठणारी मुले आहेत. सुटीवर आलेला मुलगा मंडईत मित्रांचे व्हिडिओ काढून दूरच्या खोलीत राहिलेल्या सोबत्याला पाठवतो, तेव्हा तोही या परंपरेतली एक नवी फेरीच करत असतो. अभ्यासकाने त्याला तक्रारीच्या सुरात लिहू नये, आस्थेने लिहावे.

वैयक्तिक चिंतनाला या अभ्यासात मानाची जागा का, हेही शेवटी स्पष्ट करतो. बाहेर गेलेला माणूस परत येताना तुलना करतो : त्यांचे घर आणि आपले घर, त्यांचे राज्य आणि आपले राज्य, तेव्हाचा भाव आणि आताचा भाव. ही तुलना म्हणजेच त्याचे समाजशास्त्र. ती आकड्यांत येत नाही, पण तिच्यातूनच तो मुलीला कॉलेजात घालायचे ठरवतो, खाण सोडायचे ठरवतो, मत द्यायचे ठरवतो. तिला केवळ गप्पा म्हणून बाजूला सारणारा अभ्यास निर्णयांच्या मुळापर्यंत कधीच पोचणार नाही.

वाचकहो, हे क्षेत्र पदव्यांची वाट पाहत नाही. तुम्ही शिक्षक असाल तर मुलांना निबंधाला 'माझा आवडता नेता' देण्याऐवजी 'आजीने पाहिलेला बाजार' द्या. विद्यार्थी असाल तर आपल्याच गावापासून सुरुवात करा. तिरोडीचे, कटंगीचे, तुमसरचे, गोबरवाहीचे असाल तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा, त्यांचा पहिला रेल्वेप्रवास विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. खाणीच्या सुरुवातीच्या पिढ्या गेल्या आहेत. १९५६ च्या आधीचे नागपूर पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याकडे याच वर्षी गेले पाहिजे.